आहेराची वही आणि टिटवीची अंडी

मुलीचं नाव लिहीत नाही. घरात तिला छकुली म्हणतात, इथेही तेच चालेल. यंदा पहिलीतून दुसरीत गेली आणि २१ मे रोजी तिला सात वर्षं पूर्ण होणार होती. त्याच आठवड्यात मी गावात मुलांसाठी उन्हाळी शिबिर ठेवलं होतं, १७ ते २२ मे. वाढदिवस आणि शिबिर ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून लिहून पाहिली, पण एकाचा धागा ओढला की दुसरं हलतं. म्हणून एकत्रच सांगते.

गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधल्या पट्ट्यातलं. झाडीपट्टी म्हणतात ती हीच. धानाच्या बांध्या, एक मामा तलाव, तलावाच्या पाळीपलीकडे झुडपी जंगल आणि त्यापुढे खरं जंगल, ज्यात वाघ आहे. इथल्या जिल्हा परिषद शाळेवर मला नऊ वर्षं झाली. छकुलीच्या घरी आई-वडील, आजी-आजोबा, धाकटा भाऊ आणि चार शेळ्या. शेती दीड एकर. धान निघालं की वडील तेलंगणात मिरची तोडायला जातात, एप्रिलमध्ये परततात. आई बचत गटात आहे. आजोबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे जुने माणूस. रोज संध्याकाळी देवळासमोर सामुदायिक प्रार्थना होते, तिचा माईक, बॅटरी आणि खंजिरी त्यांच्याच घरी असते. हा माईक लक्षात ठेवा.

वाढदिवस गावात कसा आला

मी रुजू झाले तेव्हा गावात मुलं वाढत होती, पण वाढदिवस नव्हते. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात पानंच्या पानं १ जुलै. बाप पोराला घेऊन आला, तारीख ठाऊक नाही, गुरुजींनी अंदाजे सहा वर्षं मागे जाऊन १ जुलै टाकली, झालं. छकुलीच्या आजीच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. तिला विचारलं तर म्हणते, "तलाव फुटला त्या सालची मी. रोवणं चालू होतं." रोवणं म्हणजे धानाची लावणी. तेव्हा मी नुसती हसले होते. पुढे याच उत्तराने माझं शिबिर वाचवलं.

मग मोबाइल आला, स्टेटस आलं, तालुक्याला केकची दुकानं झाली. चौकातल्या खांबांना फ्लेक्स लागू लागले. मधे गॉगल घातलेलं लेकरू, खाली दहा-बारा शुभेच्छुक, वर गावपुढारी. गेल्या वर्षी चौकालगतच्या एका घरी मुलाचा पहिला वाढदिवस झाला. दोन किलोचा केक, डीजे, दोनशे माणसांचं जेवण. तेव्हापासून गावात माप ठरून गेलं. त्याच्या खाली गेलं की लोक बोलत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतात. बोलले असते तर बरं, त्याला उत्तर तरी देता येतं.

छकुलीच्या आईने आकडा काढला होता. केक एक किलो ५५०, फ्लेक्स ३५०, मंडप-खुर्च्या १,८००, डीजे २,५००, ऐंशी माणसांचं जेवण ५,०००, फ्रॉक ८००, फुगे-सजावट ४००. एकूण ११,४००. त्यातले ८,००० बचत गटातून उचलायचे. आमच्या गटाचा दर महिना शेकडा दोन, म्हणजे नुसतं व्याजच महिन्याला १६० रुपये. मिरचीच्या पैशातून काही भरायचे होते, पण ते पैसे जूनच्या बियाण्यासाठी आणि रोवणीच्या मजुरीसाठी बाजूला ठेवलेले.

घरात यावरून आधीच वाजलं होतं. आजोबांनी गाडगेबाबांची शिकवण काढली, ऋण काढून सण करू नका. बाबा आपल्या अमरावतीकडचे, शेंडगावचे. या भागात त्यांचं नाव घेतलं की वाद संपतो. इथे उलटं झालं. सून म्हणाली, "मामाजी, नणंदबाईच्या लग्नाले काढलं तवा गाडगेबाबा कुठं गेले होते?" आजोबा उठून प्रार्थनेला गेले. हे मला आजीने सांगितलं, हसू दाबत.

शिबिराची पहिली फजिती

कॉलेजात असताना मी एकदा मूल तालुक्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणीला गेले होते. मे महिन्यातल्या त्या आठ दिवसांत पहाटे कुदळ-फावडं, दुपारी गप्पा आणि संध्याकाळी गाणी. तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्या शाळेतल्या लहान मुलांसाठी असं काही करावं, कुदळीशिवाय. विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मे पूर्ण रिकामा. ग्रामपंचायतीने समाज मंदिर दिलं, फी ठेवली नाही, वेळ सकाळी ६ ते ९. नऊनंतर मुलांना उन्हात ठेवायचं नाही हे पक्कं. त्या आठवड्यात ब्रह्मपुरीचं तापमान रोज बातम्यांत होतं आणि आम्ही तिथून काही लांब नाही. मुलं डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून यायची. एकाने दोन्ही खिशांत ठेवले होते.

चौतीस नावं आली. पहिल्या दिवशी एकतीस मुलं, दुसऱ्या दिवशी चौदा.

मी चिडले. पालकांना कळतच नाही वगैरे मनात बोलून घेतलं. मग चौकात उभी राहिले तर अर्धं गाव रिकामं. तेंदूचे दिवस! नऊ वर्षं या गावात राहून मी शिबिराच्या तारखा कॅलेंडर बघून ठरवल्या होत्या. तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, मे महिन्यात पंधरा-वीस दिवस तुटतो आणि तेवढ्या दिवसांत घरात जी रोकड येते ती पावसाळ्याला पुरवायची असते. मोठी माणसं उजाडताच जंगलात. नऊ-दहाला भारे घेऊन परत. दुपारभर सगळं घर ओसरीवर बसून पुडके बांधतं. सत्तर पानांचा एक पुडका. पानं सारख्या आकाराची, देठ एका बाजूला. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. मोठी मुलं जंगलात जातात, त्याहून लहान घरी राहून भावंडं सांभाळतात, दुपारी पानं मोजतात.

यावर दोन मतं होऊ शकतात. मुलांनी काम करावं का, हा प्रश्न मला शिक्षक म्हणून पडतोच, आणि दहा वर्षांच्या मुलाने जंगलात जाऊ नये असं मी पालकांना तोंडावर सांगते, कारण मोहाच्या आणि तेंदूच्याच दिवसांत या जिल्ह्यात माणसं वाघाच्या हाती लागतात. पानं वेचणारा माणूस खाली वाकलेला असतो. पण सावलीत आजीशेजारी बसून सत्तर पानं मोजणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला मी काय सांगणार? ती पाढा म्हणत नव्हती, पण सात-सात पानांच्या दहा थप्प्या लावत होती. पहिलीच्या पुस्तकात हे नाही.

म्हणून तिसऱ्या दिवसापासून शिबिराचे दोन तुकडे केले. सकाळी सहा ते साडेआठ तलावावर, जे येतील ते. दुपारी मी आणि गावातल्या दोन कॉलेजच्या मुली ओसऱ्यांवर जाऊन बसायचो, पुडके बांधता बांधता गोष्टी, कोडी, हिशेब. जंगलात शिरायचं नाही, पाळीवरच्या वडापुढे कुणी जायचं नाही आणि वनविभागाच्या प्राथमिक प्रतिसाद दलातला गावचाच एक भाऊ सोबत असल्याशिवाय निघायचं नाही, एवढे तीन नियम होते. निसर्ग शिबिर म्हटलं की लोकांना जंगलाची सफर आठवते. जिथे वाघ खरोखर आहे तिथे ती चैन नसते.

नागपूरहून एक पक्षीमित्र दादा एका दिवसासाठी आले होते, चाळीस पक्ष्यांचा तक्ता घेऊन. भले माणूस. तक्ता उघडून त्यांनी सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला मुलांनीच त्यांना सांगायला सुरुवात केली की कोणता पक्षी बेशरमाच्या झुडपात झोपतो, कोणता म्हशीच्या पाठीवर बसतो आणि कोणाची पिल्लं पाण्यावरच्या पानांवर चालतात. नावं मुलांना येत नव्हती, बाकी सगळं येत होतं. दादांनी तक्ता गुंडाळला आणि वही काढली. शिबिरातला त्यांचा मला सर्वांत आवडलेला क्षण तो.

या तलावाबद्दल एक गोष्ट मुलांना ठाऊक नव्हती आणि ती ऐकून ती चकित झाली. त्यांना वाटायचं की हा मामाचा तलाव, कुणाच्या तरी. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गावचा मालगुजार तलावाचा मालक असायचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर 'मा. मा.' लिहिता लिहिता मामा झाला. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत, बरेचसे कोहळी लोकांनी बांधलेले. "मंग आता कोनाचा?" एका मुलाने विचारलं. मी जिल्हा परिषद म्हणाले. त्याला ते पटलं नाही. म्हणाला, मासे तर ढिवर काढतात, पाणी धानाले जाते, म्हशी आमच्या बसतात.

टिटवी

१८ मेच्या सकाळी म्हशी राखणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलाने आम्हाला तलावाच्या कोरड्या पात्रात नेलं. चिखल वाळून भेगा पडलेल्या, मधे एक बशीएवढा खळगा, त्यात खडे आणि चार अंडी. मातकट, काळे ठिपके असलेली. तीन पावलांवर उभं राहूनही मला आधी दिसली नाहीत. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. तिचा तो आवाज रात्री गावात अपशकुनाचा मानतात. दिवसा पाहिलं तर बिचारी फक्त आई आहे हे मुलांना लगेच कळलं.

आम्ही चाळीसेक पावलं मागे जाऊन बाभळीखाली बसलो. मग जे दिसलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टिटवी उडून उरलेल्या डबक्याकडे गेली, पाण्यात बसली, पोट हलवून हलवून पिसं भिजवली आणि परत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने जोडीदार आला, ती उठली, तो बसला. पुन्हा पाणी. पक्षी अंडी उबवतो एवढंच आपण शिकवतो. विदर्भातल्या मे महिन्यात त्याला अंडी थंड ठेवावी लागतात, हे कोणत्या पाठात आहे? छकुली हळूच म्हणाली, "कूलर लावते ते."

आणि मग आम्ही घोळ घातला. मुलांना म्हशींची भीती वाटली, अंड्यांवर पाय पडेल म्हणून. त्यांनी खळग्याभोवती दगडांचं रिंगण केलं आणि काठीला लाल चिंधी बांधून रोवली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते फार गोड वाटलं आणि मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांना नेलं. २० तारखेला सकाळी गेलो तर खळगा रिकामा. कवचाचा एक तुकडा, बाकी काही नाही. कुत्रं, मुंगूस की कावळा, कळलं नाही, पण वाट आम्हीच दाखवली होती. ज्या अंड्यांची सगळी राखण न दिसण्यात आहे त्यांच्याभोवती आम्ही रिंगण आखून झेंडा लावला, वीस मुलांच्या पायांनी पाऊलवाट पाडली.

मुलांना मी सांगितलं, चूक माझी. टिटवी पुन्हा अंडी घालते हेही सांगितलं, ते खरंही आहे. म्हशीवाला मुलगा काही बोलला नाही. काठी उपटून त्याने लांब फेकली आणि शिबिर संपेपर्यंत आला नाही. पुढच्या वर्षी घरटं सापडलं तर एका वेळी दोनच मुलं, लांबून, खुणा न करता, आणि त्याची जागा फक्त त्यालाच माहीत. हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.

वही

१८ तारखेच्या संध्याकाळी छकुलीची आई माझ्याकडे आली. "मॅडम, येकवीस तारखेले छकुलीचा बड्डे आहे. शिबिरातले सारे पोट्टे धाडजा."

मी काय करावं? लेक्चर झाडलं. कर्ज, डीजेचा आवाज, प्लास्टिक. थर्माकोलच्या ताटल्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यासुद्धा १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, हेही ऐकवलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. मग म्हणाली, थांबा, आणि घरी जाऊन एक चाळीस पानी वही घेऊन आली.

आहेराची वही. लग्नातल्या आहेराची वही मी पाहिली आहे, वाढदिवसाची पहिल्यांदा पाहिली. दोन वर्षांत तिने सत्तावीस घरी काय दिलं ते निळ्या पेनने लिहिलेलं. ५०. १०१. स्टीलचा डबा. फ्रॉक. पुन्हा ५०. खाली बेरीज २,३५०. त्या सत्तावीस घरांपैकी एकाही घराने तिच्याकडे अजून काही दिलं नव्हतं, कारण तिच्याकडे आजवर कार्यक्रमच झाला नव्हता. "आता मी काहीच नाही केलं तं हे गेलं ना पाण्यात? अन् केलं तं धा हजार जाते. तुमीच सांगा." मी काहीच सांगितलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा वर्षं साधेपणावर बोलणाऱ्या बाईने हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. मी वाढदिवसाकडे खर्च म्हणून बघत होते. तिच्यासाठी ती उधारी होती, आणि उधारी वसूल करण्यात हावरेपणा नाही, मान आहे.

निघताना ती दारात थांबली. "मांगच्या वर्षी त्या चौकातल्या बड्डेले गेलो. पोट्टे लय होते. केक हिच्यापावतर आलाच नाही. बोटाले क्रीम लागली तेवढी चाटली."

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा मुद्दा हा. गावात साध्या वाढदिवसाचा प्रचार करणारे आम्ही सगळे मुलांच्या आनंदाबद्दल बोलतो. मुलाचा आनंद थोडक्यात होतो, त्यात अडचण नाहीच. अडतं ते आईच्या वहीपाशी.

मूल काय मागतं

तलावाकडच्या आणि ओसरीवरच्या, दोन्ही गटांना १९ तारखेला मी एक काम दिलं. घरी विचारून या, तुम्ही जन्मला तेव्हा बाहेर काय चालू होतं. कोणतं झाड फुललं होतं, शेतात काय होतं. तारीख नको. आजीचं ते तलाव फुटल्याचं उत्तर डोक्यात होतं, त्यावरून सुचलं.

जे आलं ते कोणत्याही तक्त्यापेक्षा भारी होतं. "लाखोळी फुलली होती." "मोह वेचून आली अन् दुखाले लागलं." "रोवण्यात. माय चिखलातूनच दवाखान्यात गेली." एकाच्या आजोबांनी सांगितलं, बहावा पिवळा झाला होता आणि त्या साली पाऊस वेळेवर आला. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असा इथला ठोकताळा आहे. मुलांनी भिंतीवर कोळशाने मोठं गोल वर्ष काढलं, बारा महिन्यांऐवजी मोह, तेंदू, रोवणं, निंदण, कापणी, लाखोळी असे भाग पाडले आणि आपापली नावं त्यात लिहिली. तीन मुलांचे आई-वडील हैदराबादकडे कामाला, त्यांना विचारायला कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी आम्ही फोन लावले. एका आईने फोनवर इतकं सांगितलं की बॅलन्स संपला.

छकुली तेंदूची निघाली. आईने तिच्या वेळी पोटुशी असताना सकाळपर्यंत पुडके बांधले होते.

त्याच दिवशी मी तिला सहज विचारलं, वाढदिवसाला तुला काय पाहिजे? डीजे म्हणेल वाटलं. विचार करून म्हणाली, "माईकवर माह्यं नाव घ्या." मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तिने स्पष्ट केलं. चौकातल्या त्या वाढदिवसात डीजेवाल्याने मुलाचं नाव आठ वेळा घेतलं होतं, तिने मोजलं होतं. आणखी काही? "केक. अन् मी वाटीन." दुसऱ्या कुणी नाही, तिने स्वतः वाटायचा.

गटाची बैठक आणि एकवीस तारीख

१९ तारखेच्या रात्री बचत गटाची बैठक होती. कर्जाचा अर्ज त्यात यायचा होता. छकुलीच्या आईने अर्ज काढला नाही, वही काढली आणि सगळ्यांसमोर ठेवली. हे मी सुचवलेलं नाही, मला नंतर कळलं. तिने एवढंच म्हटलं की मला पाकीट नको, डबा नको. ज्यांच्याकडे माझं आहे त्यांनी शिदा आणावा, पावशेर कणीक, गुळाचा खडा, तेलाची वाटी, जे होईल ते. तेवढं आणलं की मी रेघ मारते. शिदा हा शब्द तिने बरोबर निवडला. देवळात भंडाऱ्याला शिदा देतात, त्यात कमी-जास्त कुणी मोजत नाही.

बायकांना पटलं, कारण तेंदूच्या दिवसांत हातात रोकड असली तरी कुणालाच ती सुटी करायची नसते. दोघी नाराज झाल्या. त्यांच्या घरचे कार्यक्रम पुढे यायचे होते. सगळीकडे शिदा सुरू झाला तर त्यांनी दिलेल्या १०१ रुपयांचं काय? प्रश्न बरोबर होता. त्यावर त्या रात्री निर्णय झाला नाही.

२१ तारखेला दुपारी सात-आठ बायका छकुलीच्या अंगणात जमल्या. सत्तावीसपैकी एकोणीस घरांचा शिदा आला. कणीक आणि गूळ मिळून गुलगुल्यांचं पीठ झालं. चणे भिजवले होते, कैऱ्या उकडून पन्हं केलं. पत्रावळी शिबिरातल्या मुलांनी लावल्या. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलून जातो आणि मे महिन्यात त्याला नवी पानं असतात, मऊ, दुमडली तरी तुटत नाहीत. तीन-तीन पानं एका डहाळीला आपसूक येतात. बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायचं. आजीने पहिली लावून दाखवली, मग मुलांनी साठ केल्या. पंधरा गळक्या निघाल्या. त्यांत चणे दिले, पन्हं नाही.

केक तालुक्याहून वडिलांनी मोटारसायकलवर आणला, बावीस किलोमीटर, दुपारी चारला. अर्धा किलो. मी मनातून केकच्या विरोधात होते. छकुलीच्या आईने माझ्याकडे बघून सांगितलं, "केक येईनच." बरोबर होतं तिचं. डबा उघडला तर क्रीम एका बाजूला घसरलेली, नावातला 'ली' डब्याच्या झाकणाला. अर्धा किलो केक आणि पोरं शेहेचाळीस. सुरीने कापला असता तर चुरा झाला असता. आजीने शिवणाचा दोरा मागवला, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि तो केकमधून असा ओढला की सुपारीएवढे चौकोन सुटे झाले. शेहेचाळीस आणि वर चार. छकुलीने ताटली घेतली आणि एकेकाच्या हातावर ठेवत गेली. शेवटच्या मुलापर्यंत पोचली तेव्हा मागे वळून आईकडे बघितलं.

त्याआधी ओवाळणं झालं. आजी, आई आणि शेजारच्या दोघी. आणि त्याआधी प्रार्थना. आजोबांनी रोजची सामुदायिक प्रार्थना पूर्ण केली, एक ओळही गाळली नाही, मुलं चुळबुळत होती. मग माईक तोंडाजवळ नेऊन त्यांनी नातीचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. बॅटरी उतरली होती, आवाज जरा चिरका आला. तेंदूच्या फळीवर उभे असलेले लोकही म्हणे वळून बघू लागले. मग त्यांनी कोळशाच्या त्या गोल वर्षातलं वाचून इतरही तेंदूच्या मुलांची नावं घेतली, पाच जणांची. हे त्यांनी स्वतःहून केलं. छकुलीला ते फारसं आवडलं नाही. तिला वाटलं, आज फक्त माझं घ्यायला हवं होतं. मला तिचं म्हणणं पटतं.

खर्च झाला तो असा: केक ३००, फ्रॉक ८००, तेल-साखर ४५०, चणे-कैऱ्या २६०. आणि ३५० फ्लेक्स. हो, फ्लेक्स. वडिलांनी कुणाला न सांगता आधीच छापायला दिला होता. सकाळी चौकात बांधलेला दिसला. गुलाबी पाठ, डोक्यावर छापील मुकुट घातलेली छकुली, खाली मिरची तोडायला सोबत जाणाऱ्या दहा मित्रांचे फोटो शुभेच्छुक म्हणून. चार महिने परमुलखात राहून आलेल्या माणसाला पोरीचा चेहरा चौकात बघायचा होता. बायको काही बोलली नाही, मीही नाही. एकूण २,१६०.

त्यानंतर

गटाचं कर्ज निघालंच, पण जूनमध्ये, ५,००० रुपये, बियाण्यासाठी आणि खतासाठी. वहीतल्या एकोणीस नावांवर रेघ आहे, आठ मोकळी आहेत. नाराज दोघींपैकी एकीने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाचा वाढदिवस डीजे लावून केला, आमच्या शाळेच्या भिंतीला लागून. छकुलीच्या आईने तिथे १०१ रुपयांचं पाकीट दिलं. म्हणाली, तिनं मला शिदा दिला होता ना, आता तिच्या रीतीनं तिला. दुसरीने जुलैत शिदा मागितला. अजून चार घरांनी विचारलं आहे. चार म्हणजे चारच, गाव बदललं वगैरे काही नाही.

शिबिर पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवायचं ठरवलं आहे, मोह संपलेला आणि तेंदू सुरू व्हायचा असतो त्या मधल्या दिवसांत. शाळेच्या सुट्टीत ते बसत नाही, म्हणून सकाळच्या शाळेनंतर करावं लागेल. जमेल का ते बघू. म्हशीवाला मुलगा शाळा उघडल्यावर एकदा येऊन सांगून गेला की टिटवीने दुसरीकडे घातली होती, निघाली पिल्लं. कुठे ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

जुलैत, रोवणं ऐन भरात असताना, छकुली दोन दिवस शाळेत आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. पाऊस पडत होता. शेळ्यांच्या गोठ्यावर फ्लेक्स घातलेला, छापील बाजू आत. खाली वाकून पाहिलं तर कुडाच्या वर छकुलीचा मुकुटवाला चेहरा शेळ्यांकडे बघत होता, शुभेच्छुकांसकट. एका कोपऱ्यातून पाणी गळत होतं. छकुली गोठ्यात पाला टाकत होती. मी म्हटलं, अगं, तुझा फोटो.

"हो ना," ती म्हणाली, "बकऱ्यायले मी रोज दिसतो."